वर्तुळ कुठे संपते? पावलॉव्हच्या प्रयोगशाळेतील दोन आकृती

१/ पावलॉव्ह हे नाव उच्चारताच घंटा आठवते आणि लाळ गाळणारा कुत्रा आठवतो. परंतु त्यांच्या प्रयोगशाळेतील सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या प्रयोगांपैकी एक ध्वनीचा नव्हता, आकृतीचा होता. पडद्यावर कधी प्रकाशाचे वर्तुळ उमटे, कधी लंबवर्तुळ. हा धागा त्या दोन आकृतींविषयी आहे.

२/ इव्हान पावलॉव्ह यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. पुढे अन्न तोंडात पडण्यापूर्वीच सुटणारी लाळ हा त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय झाला. १९१० च्या दशकात त्यांच्या सहकारी डॉ. शेंगर-क्रेस्तोव्निकोवा यांनी एक सूक्ष्म प्रश्न हाती घेतला : दोन आकारांतील किती बारीक फरक कुत्र्याला ओळखता येतो?

३/ रीत सोपी होती. पडद्यावर वर्तुळ दिसले की अन्न मिळे. लंबवर्तुळ दिसले तर काहीच नाही. काही काळाने कुत्र्याला वर्तुळ पाहताच लाळ सुटू लागली आणि लंबवर्तुळापुढे ती थांबू लागली. प्राण्याला बोलता येत नाही. इथे त्याचे उत्तर लाळेच्या थेंबांत मोजले जात होते.

४/ खरे कौशल्य मात्र आकृती आखण्यात होते. दोन्ही आकृतींचे क्षेत्रफळ आणि तेज समान राखलेले होते. लंबवर्तुळ लहान किंवा मंद असते, तर कुत्रा केवळ कमी प्रकाश ओळखत आहे, असा आक्षेप घेता आला असता. समान क्षेत्रफळामुळे ती पळवाट बंद झाली आणि फरक उरला तो फक्त आकाराचा.

५/ पहिल्या लंबवर्तुळाच्या दोन अक्षांचे प्रमाण २:१ होते. ते कुत्र्याने सहज ओळखले. मग ३:२, मग ४:३, अशा पायऱ्यांनी लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळाकडे सरकत गेले. अखेरीस प्रमाण ९:८ वर आले.

६/ हा फरक किती लहान, ते आकड्यांत पाहू. वर्तुळाची त्रिज्या १०० एकके धरली, तर तेवढ्याच क्षेत्रफळाच्या २:१ लंबवर्तुळाचे अर्धअक्ष सुमारे १४१ आणि ७१ येतात. ९:८ मध्ये ते सुमारे १०६ आणि ९४ होतात. मानवी डोळ्यालाही क्षणभर थबकावे लागेल, इतकी ही जवळीक आहे.

७/ ९:८ वर कुत्र्याची ओळख अर्धवटच राहिली. तीन आठवड्यांच्या सरावाने ती सुधारण्याऐवजी बिघडत गेली आणि शेवटी नाहीशी झाली. आजवर शांत असणारा तो प्राणी किंचाळू लागला, अंगावरील उपकरणे दातांनी तोडू लागला, निरीक्षकाच्या खोलीकडे जाणाऱ्या नळ्या चावू लागला. पूर्वी सहज ओळखलेले २:१ चे लंबवर्तुळही त्याला आता ओळखता येईना.

८/ पावलॉव्ह यांचे स्पष्टीकरण असे : एकच आकृती मज्जासंस्थेला उद्दीपित करते आणि रोखूनही धरते, या दोन प्रक्रियांची टक्कर प्राण्याला पेलवली नाही. अशा अवस्थेला पुढे ‘प्रायोगिक मज्जाविकृती’ हे नाव रूढ झाले. १९२७ च्या इंग्रजी अनुवादामुळे ही हकिगत जगभर पोहोचली. मानवी मनोविकारांच्या चर्चेत तिचा दाखला पुन:पुन्हा दिला गेला. त्या प्रवासात क्षेत्रफळाची ती काटेकोर मांडणी मागे पडली, शेंगर-क्रेस्तोव्निकोवा हे नावही मागे पडले आणि ‘पावलॉव्हचा प्रयोग’ एवढेच उरले.

९/ आज असे उद्दीपक संगणकावर आखले जातात. डेव्हिड ब्रेनार्ड यांनी १९९७ मध्ये शोधनिबंधातून मांडलेल्या ‘सायकोफिजिक्स टूलबॉक्स’मध्ये आपण एका आयताच्या चार कडा सांगतो आणि प्रणाली त्यात मावणारे लंबवर्तुळ काढते, आयत चौरस असेल तरच वर्तुळ मिळते. जोनाथन पीअर्स यांनी २००७ मध्ये मांडलेल्या ‘सायकोपाय’मध्ये वर्तुळ पुष्कळ बाजूंच्या बहुभुजासारखे रचता येते. बाजू कमी ठेवल्या तर मोठ्या आकृतीच्या कडेला कोपरे दिसू लागतात.

१०/ आणखी एक सापळा एककांचा आहे. ‘सायकोपाय’च्या एका मापनपद्धतीत पडद्याची पूर्ण रुंदी दोन एकके आणि पूर्ण उंचीही दोनच एकके धरली जाते. १९२० × १०८० पिक्सेलच्या पडद्यावर तिथे अर्ध्या एककाच्या त्रिज्येचे ‘वर्तुळ’ मागितले, तर ९६० पिक्सेल रुंद आणि ५४० पिक्सेल उंच आकृती उमटते. प्रमाण १६:९. म्हणजे त्या कुत्र्याने लंबवर्तुळ म्हणून ओळखलेल्या २:१ आणि ३:२ यांच्या मधला आकार! आज्ञावलीत मात्र शब्द ‘वर्तुळ’ हाच राहतो.

११/ इतिहासाचा विद्यार्थी ताम्रपट हाती घेताना विचारतो : हा कोणी कोरला, कोणत्या मापाने, कोणासाठी? प्रयोगातील आकृतीही तशीच साधनसामग्री आहे. निष्कर्ष वाचण्यापूर्वी ती कशी आखली, काय समान राखले आणि पाहणाऱ्यावर काय गुदरले, हे विचारणे आवश्यक ठरते.

१२/ त्या कुत्र्याला पुन्हा २:१ पासून शिकवण्यात आले. या वेळी पहिल्यापेक्षा अधिक काळ लागला, पण तो हळूहळू शांत झाला. मग ९:८ चे लंबवर्तुळ पुन्हा दाखवले गेले. पहिल्या वेळी त्याने ते अचूक ओळखले. दुसऱ्या वेळी ओळखीचा मागमूसही उरला नाही आणि तो पूर्वीसारखाच बेभान झाला. त्याच्यावरील प्रयोग तिथेच थांबवण्यात आले.

(धागा समाप्त)