नानांचं नाक

माझे अब्बा अत्तर विकायचे. नाशिकच्या दूधबाजारात त्यांची एवढीशी टपरी होती. कनौजहून आलेली कुपी उघडून ते गिऱ्हाइकाच्या मनगटावर थेंब लावत आणि म्हणत, "जल्दी मत करो मियाँ, इसे खुलने दो." डोळे मिटून ते खस, हिना, शमामा, मिट्टी ओळखायचे. चंदनाच्या तेलात भेसळ असली की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. हे नाक आम्हा भावंडांपैकी कुणालाच मिळालं नाही. ते एक पिढी ओलांडून माझ्या भाच्याकडे गेलं. आणि तो झाला काय, तर वाइन चाखणारा!

रसायनशास्त्राची पदवी घेऊन पोरगा दोन वर्षं घरी बसला होता. शेवटी गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत लागला. आधी द्राक्षांच्या रसातली साखर आणि आंबटपणा मोजायचं काम होतं. मग त्याचं नाक तिथल्या लोकांच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून दाजींनी त्याच्याशी बोलणं टाकलं. बहिणीनं त्याच्या पगारातला रुपया चुलीपर्यंत येऊ दिला नाही. दाजींचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. शराब पिळणारा, वाहून नेणारा, विकणारा, तिच्या किमतीवर जगणारा, अशा दहा जणांवर लानत असल्याची हदीस आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. चाखून थुंकणारा त्यात कुठं बसतो, हे मी कुठल्या मौलानांना विचारलं नाही. उत्तराची भीती होती, हेच खरं.

बहिणीच्या आग्रहावरून एकदा त्याला समजवायला गेलो. समोर पाहुणे बसले होते. त्यानं ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहिला, हलकेच गोल फिरवला, नाक आत घातलं आणि डोळे मिटले. मी चरकलो. हुबेहूब अब्बा! मग एक घोट तोंडात घोळवून त्यानं बाजूच्या भांड्यात थुंकला आणि म्हणाला, "काळी मिरी."

ती वाइन शिराज द्राक्षाची होती. शिराज म्हणजे हाफिज आणि सादी यांचं गाव. मुशायऱ्यात रात्र रात्र बसून जाम आणि साकीच्या शेरांना आम्ही वाहवा दिली आहे. ती शराब कानानं प्यायला कुणाची हरकत नव्हती. मी हे बोलून दाखवल्यावर भाचा हसला. "मामू, शिराजचा या द्राक्षाशी काही संबंध नाही." १९९८ साली डीएनए तपासणीतून कळलं की, या द्राक्षाचे आईबाप दोन्ही आग्नेय फ्रान्समधले. इराणहून कुणी सरदारानं वेल आणल्याची गोष्ट ही गोष्टच. मिरीचा वास मात्र खरा. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की, रोटुंडोन नावाचं एकच द्रव्य मिरीतही असतं आणि या वाइनमध्येही. त्यांच्या चाचणीतल्या सुमारे २० टक्के लोकांना तर तो वास आलाच नाही.

"जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात, मामू. बाकी सगळं नाक सांगतं. नाकाचं कामच तर करतो मी."

"आणि तोंडात घेतोस ते?"

तो गप्प झाला. थोड्या वेळानं म्हणाला, "थूक देता हूँ. फिर चार बार कुल्ली करता हूँ. फिर भी मगरिब को खड़ा रहता हूँ तो लगता है, मुँह में कुछ रह गया है."

समजवायला गेलेला मी काही न बोलता परत आलो. तासाभराच्या बसप्रवासात एकच विचार होता. पॅरिसमध्ये १९७६ साली फ्रेंच जाणकारांनी बाटल्या झाकून चव घेतली आणि नकळत कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिला नंबर दिला. झाकलेल्या बाटलीपुढं नाव, गाव, घराणं काही चालत नाही. चालतं ते नाक. असं नाक आमच्या घरात जन्मलं, आणि त्याला रोजी मिळाली ती नेमकी तिथं. अब्बांची टपरी मीच विकली होती, १९९४ साली. ती असती तर? हा प्रश्न मी दाजींना कधी बोललो नाही.

यंदाच्या ईदला तो घरी आला. शीरखुर्मा झाला, तरी दाजी बोलेनात. मी अब्बांची जुनी पेटी आणली होती. दाजींनी स्वतःच एक कुपी उचलली, मनगटाला लावली आणि हात त्याच्यापुढं धरला.

"शमामा?"

भाच्यानं डोळे मिटले. घाई केली नाही. "नहीं अब्बा, हिना है. और चंदन असली है."

दाजी बराच वेळ आपल्या मनगटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नाक तो अल्लाह ने दी है. आगे का हिसाब तुझे देना है."

अकरा महिन्यांतली त्यांची ती पहिली वाक्यं. भाच्यानं मान खाली घातली. नोकरी त्यानं अजून सोडलेली नाही. पेटी मात्र जाताना मागून घेऊन गेला.