सिहार मातीतले सोयाबीन

गोंदियाहून निघून रावणवाडी मागे टाकली आणि वाघनदीचा पूल ओलांडला की पाट्या हिंदीत होतात, बांध्या मात्र त्याच राहतात. भाद्रपदात बालाघाटपर्यंत दोन्ही हातांना धानच धान. 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला चिन्नोर याच जिल्ह्याचा. सोयाबीन इकडे पाहुणे. माळव्यात, वर्धा-यवतमाळात ते घरचे झाले, इथे मात्र उंचवट्याच्या जमिनीवर कुठे कुठे दिसते.

वारासिवनीच्या अलीकडे माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी असाच तीन एकरांचा तुकडा धानातून काढून सोयाबीनला दिला होता. "सर, युरिया मारला, तरी पिवळीच होऊन रायली," काकाजी म्हणाले. पीक गुडघ्याएवढे, शेंगा तुरळक. खालची जुनी पाने पाहिली तर कडेने पिवळी, टोकाला करपलेली, मधला भाग हिरवा. मोझॅक रोग असता तर कोवळ्या पानांवर पिवळे-हिरवे डाग दिसले असते. ही बहुधा पालाशाची, म्हणजे पोटॅशची ओढ होती.

आपल्या आजोबांनी जमिनीला कन्हार, मोरंड, सिहार, बर्डी अशी नावे उगाच दिली नाहीत. कन्हार काळी, चिकण. तिच्या कणांत पालाश साठून राहतो. सिहार पिवळसर, रेताड; तिच्याजवळ साठवायला जागाच कमी. काकाजींचा तुकडा सिहारचा. माळव्याच्या काळ्या मातीत जे सोयाबीन खताकडे फारसे न पाहता वाढते, ते इथे उपाशी राहते. पालाश पानात तयार झालेली साखर शेंगांपर्यंत आणि मुळांच्या गाठींपर्यंत पोहोचवायला मदत करतो. तो कमी पडला की गाठी मंदावतात, दाणा बारीक राहतो. वर युरिया टाकून ही उणीव भरत नाही.

शिवाय सोयाबीन खादाड. एक क्विंटल दाण्याबरोबर सुमारे दोन किलो पालाश शेताबाहेर जातो. धानाचे उलट आहे. त्याचा बहुतेक पालाश तणसात असतो, टनामागे साधारण पंधरा-वीस किलो. काकाजींच्या या तुकड्यातले तणस वर्षानुवर्षे विकले गेले होते. आता कुटारही गोठ्यात जाणार. शेणखत मात्र घराजवळच्या बांधीतच पडते! पूर्वी चुलीची राख शेतात जायची, तीही गॅस आल्यापासून आटली.

या जिल्ह्याच्या पोटात भरवेलीचे मँगनीज आहे, मलाजखंडचे तांबे आहे. पोटॅश मात्र कॅनडा, रशियाकडून बोटीने येते. 2010 च्या अनुदान धोरणानंतर त्याचा भाव चढला, युरिया स्वस्तच राहिला. मग शेतकरी कोणती गोणी उचलणार?

तरी लगेच पोटॅशची गोणी ओता, असे मी म्हणालो नाही. त्या तुकड्याच्या एका कोपऱ्यात पाणी साचलेले होते, आणि ओल तुंबली की मूळ असलेला पालाशही घेऊ शकत नाही. आधी चर काढायचा, कापणीनंतर माती तपासायची. हेक्टरी 280 किलोंच्या वर पालाश निघाला तर खर्च वाचेल. 110 च्या आसपास निघाला तर पुढल्या पेरणीलाच मात्रा द्यावी लागेल.

"आणि खालच्या बांधीतलं तणस?" मी विचारले. काकाजी हसले. त्याचा सौदा झाला होता, बयाणाही मुलाच्या परीक्षा फीमध्ये गेला होता.