चढाचा गिअर

स्पर्धेच्या यंत्रमानवाला गिअर एकच ठेवावा की बदलता, यावर आमचे चिरंजीव आणि त्यांचे मित्र आठ दिवस भांडत होते. बदलता ठेवावा तर वजन वाढते, ऐन खेळात दाते अडकण्याची धास्ती. एकच ठेवावा तर वेग किंवा जोर, एकावर पाणी सोडावे लागते. दौलताबादचा घाट चढलेल्या संभाजीनगरच्या स्कूटरवाल्याला हे सांगायला नको! २०१४ साली पुण्यात झालेल्या रोबोकॉनमध्ये पालक-यंत्राने बाल-यंत्राला उचलून न्यायचे होते. लेकरू कडेवर असले की धावण्याची हौस आवरावीच लागते. अखेर मंडळींनी जोराचा एकच गिअर पत्करला. चहा घेऊन आलेल्या सौ.कडे मी पाहिले. वीस वर्षे तिने घर याच गिअरमध्ये ओढले. वेग दिसला नाही, म्हणून जोरही कुणाच्या ध्यानी आला नाही.