तिसऱ्या गावचं मैदान

आठ ही सम संख्या आणि नऊ विषम. माझ्या कामातली निम्मी भांडणं एवढ्याशा गोष्टीतून उभी राहतात. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची वेळापत्रकं बसवणं हा माझा व्यवसाय. संगणकाला अटी सांगायच्या, त्यानं काढलेलं वेळापत्रक तपासायचं आणि मग ज्यांना ते पटत नाही त्यांचे फोन घ्यायचे. सर्वांत जास्त फोन फुटबॉलचे. हा फुटबॉल अर्थातच इथला: हेल्मेट, अंडाकृती चेंडू आणि पायांपेक्षा हातांनाच जास्त काम.

कॉलेजचा संघ हंगामात साधारण बारा सामने खेळतो, ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरअखेरीपर्यंत, बहुतेक शनिवारी. त्यांतले काही बाहेरच्यांशी, उरलेले आपल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांनी मिळून बांधलेल्या गटात. दक्षिणेकडच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये वर्षानुवर्षं असे आठ सामने होत आले. चार घरी, चार बाहेर. ऑगस्ट २०२५मध्ये त्यांनी ठरवलं की २०२६पासून नऊ खेळायचे. संघ सोळा, प्रत्येकाला तीन प्रतिस्पर्धी कायमचे, उरलेल्या बारांपैकी सहा एका वर्षी आणि सहा पुढच्या वर्षी. मांडणी सुबक आहे, पण नऊचे दोन सारखे वाटे होत नाहीत. एका वर्षी घरी पाच आणि बाहेर चार, पुढच्या वर्षी उलट. घरचा एक सामना म्हणजे ऐंशी-नव्वद हजार माणसं, भरलेली हॉटेलं, पार्किंगचे पैसे. तो एक सामना कुणाच्या वाट्याला कोणत्या वर्षी जातो, यावर गावातल्या खानावळीवाल्याचाही हिशेब अवलंबून असतो.

या तिढ्यातून चार संघ अलगद सुटतात: टेक्सस, ओक्लाहोमा, जॉर्जिया आणि फ्लोरिडा. चार घरी, चार बाहेर आणि नववा कुणाच्याच घरी नाही. टेक्सस-ओक्लाहोमा डॅलसला भेटतात, जॉर्जिया-फ्लोरिडा एरवी जॅक्सनव्हिलला. कागदावर कुणीतरी यजमान असतो, पण ते नावापुरतं. सामने आठ होते तेव्हा चित्र नेमकं उलटं होतं: तिसऱ्या गावचा सामना वजा केला की सात उरायचे आणि लंगडी मांडणी या चौघांच्या नशिबी यायची. म्हणजे परंपरा म्हणून सोसलेली गैरसोय एका ठरावानं सोय होऊन बसली. वेळापत्रकवाल्याला असले योगायोग फार आवडतात.

पण गणितासाठी कुणी डॅलसला जात नाही. टेक्सस आणि ओक्लाहोमा या राज्यांच्या सीमेवरून रेड नदी वाहते, म्हणून ही ‘रेड रिव्हर’ची लढत. पहिला सामना १९०० सालचा. १९२९पासून दर वर्षी डॅलसमध्येच. टेक्सस विद्यापीठाचं ऑस्टिन आणि ओक्लाहोमाचं नॉर्मन, दोन्ही गावं डॅलसपासून साधारण तीनशे किलोमीटरवर, एक दक्षिणेला, एक उत्तरेला. मैदान फेअर पार्कमधलं कॉटन बोल, बसायला सुमारे ब्याण्णव हजार जागा. तिकिटं निम्मी-निम्मी. मैदानाच्या बरोबर मध्यावर, पन्नास यार्डांच्या रेषेवर प्रेक्षकांचा रंग बदलतो: एका बाजूला करपट नारिंगी, दुसऱ्या बाजूला किरमिजी. घरच्या मैदानावर यजमान ओरडतात आणि पाहुणे कोपऱ्यात दबून बसतात. इथे प्रत्येक खेळीनंतर अर्धं स्टेडियम उसळतं आणि अर्धं मान खाली घालतं.

आणि या सगळ्याभोवती भरलेली असते टेक्सस राज्याची जत्रा. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी सुरू होते, चोवीस दिवस चालते. आपल्याकडे गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड असतो, तसा हा सामना त्या जत्रेतला आहे. सामन्याच्या तिकिटावर जत्रेचा प्रवेश असतो. काठीला टोचलेले, मक्याच्या पिठात तळलेले कॉर्नी डॉग खात नारिंगी आणि किरमिजी शर्टवाले एकाच रांगेत उभे राहतात आणि पंचावन्न फुटी बिग टेक्सच्या पुतळ्याखाली फोटो काढतात. २०२४चा सामना १२ ऑक्टोबरला आला. त्याच दिवशी दसरा होता. डॅलस आणि आसपासच्या मराठी घरांत त्या शनिवारी काय ओढाताण झाली, ते मी ऐकून आहे. मुलांना नारिंगी शर्ट हवा होता, आजीला सोनं वाटायचं होतं. संगणकाला मी अनेक सण शिकवलेत, दसरा नाही. कॉन्फरन्सनं तशी अट घातली तर घालू.

नवा माणूस या धंद्यात येतो तेव्हा त्याला वाटतं की सगळं काम संगणक करतो. प्रत्यक्षात संगणकाला सुरुवात करून द्यायच्या आधीच तक्त्यातल्या कितीतरी चौकोनांत शाई असते. टेक्सस-ओक्लाहोमा जत्रेच्या काळात. मिशिगन-ओहायो स्टेट १९३५पासून हंगामाच्या अखेरीला. थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारनंतर, अलाबामा-ऑबर्न. मोठ्या लढतीआधी शक्यतो दोघांनाही मोकळा आठवडा. एकालाच दिला की दुसऱ्याचा फोन आलाच. या मेखा आधी ठोकायच्या आणि बाकीचं कापड त्यांच्यावर ताणायचं. टीव्हीवाल्यांची इच्छा अर्थात उलट असते, त्यांना सगळं सैल हवं असतं.

तटस्थ मैदानाचा जुना आणि निखळ नमुना मात्र लष्कराचा आहे. आर्मी आणि नेव्ही, म्हणजे वेस्ट पॉइंट आणि अ‍ॅनापोलिसच्या अकादम्या, १८९०मध्ये प्रथम भिडल्या. पहिले चार सामने एकमेकांच्या आवारात झाले आणि मग प्रकरण इतकं तापलं की १८९४पासून पाच वर्षं सामनाच बंद राहिला. १८९९मध्ये तो पुन्हा सुरू झाला तो दोघांच्या मधल्या फिलाडेल्फियात. तेव्हापासून घरी खेळणं हाच अपवाद. १९४२मध्ये युद्धामुळे प्रवासावर बंधनं आली, सामना अ‍ॅनापोलिसला घ्यावा लागला आणि आर्मीचे कॅडेट येऊ शकेनात. मग नेव्हीच्याच काही विद्यार्थ्यांना आर्मीच्या बाजूनं ओरडण्याचा हुकूम झाला. दोन बाजू नसतील तर ही लढतच नव्हे, हे लष्करानं इतक्या सरळपणे मान्य केलं, याचं मला अजूनही कौतुक वाटतं. सामना संपल्यावर दोन्ही संघ आधी हरलेल्यांच्या प्रेक्षकांसमोर उभे राहून त्यांचं अकादमीगीत ऐकतात, मग जिंकलेल्यांचं. ‘दुसऱ्यांदा गाणं’ म्हणजेच जिंकणं.

२००९पासून हा सामना डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी एकटाच असतो. २०२४मध्ये आर्मी नेव्हीच्याच कॉन्फरन्समध्ये आली आणि आमच्या तक्त्यावर एक मजेदार पेच पडला: दोघे कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात पोचले तर साधारण आठवड्याच्या अंतरानं दोनदा भेटणार. उपाय असा काढला की डिसेंबरची लढत कॉन्फरन्सच्या गुणांत धरायचीच नाही. त्या वर्षी आर्मीनं टुलेनला हरवून विजेतेपद मिळवलं आणि पुढच्याच आठवड्यात नेव्हीकडून ३१-१३ असा मार खाल्ला. नेव्हीवाल्यांना विजेतेपदाचं काडीचंही सोयरसुतक नव्हतं.

आता खोट्या तटस्थतेबद्दल. अलाबामा आणि ऑबर्न ही एकाच राज्यातली दोन विद्यापीठं. १९०७नंतर खेळाडूंचा भत्ता आणि पंचांची निवड यांवरून बिनसलं आणि तब्बल एक्केचाळीस वर्षं ते एकमेकांशी खेळलेच नाहीत. विधिमंडळाचा दबाव आल्यावर १९४८मध्ये सामना पुन्हा सुरू झाला तो बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर. सामन्याआधी दोन्हीकडच्या विद्यार्थी-अध्यक्षांनी शहरातल्या बागेत खरोखरच एक कुऱ्हाड जमिनीत पुरली. अलाबामानं तो सामना ५५-० असा जिंकला, तेव्हा पुरलेली कुऱ्हाड फार खोल गेली नसावी. बर्मिंगहॅम पोलादाचं शहर, म्हणून या लढतीला ‘आयर्न बोल’ म्हणू लागले.

तिकिटं निम्मी-निम्मी, शहर तिसरं, सगळं रीतसर. फक्त एक गोष्ट कागदावर दिसत नव्हती: अलाबामा आपले घरचे कितीतरी सामने याच लीजन फील्डवर खेळत असे. खेळाडूंना तिथली खोली, गवत, पायऱ्या, सगळं पाठ. ऑबर्नचा माणूस दर वर्षी तिथे येई तो पाहुणा म्हणूनच. ऑबर्ननं घरचं स्टेडियम वाढवत नेलं आणि प्रशिक्षक पॅट डाय यांनी हट्ट धरला की आमच्या पाळीचा सामना आमच्या गावात होईल. २ डिसेंबर १९८९ रोजी तो झाला, आणि ऑबर्न ३०-२० असं जिंकलं. अलाबामानं आपल्या पाळीचे सामने आणखी काही वर्षं बर्मिंगहॅमला ठेवले. २०००मध्ये तेही टस्कलूसाला गेले. माझ्या मते ऑबर्नचं बरोबर होतं. नकाशावर दोघांच्या मधे असणं पुरत नाही. तिथे दोघंही सारखेच परके असले पाहिजेत.

मग आलं विकतचं तटस्थ मैदान. २००८पासून अटलांटात हंगामाच्या सुरुवातीला दोन मोठ्या संघांना बोलावून सामने भरवायला लागले. डॅलसजवळच्या आर्लिंग्टनमध्येही तेच. आकडे डोळे दिपवणारे होते: २०१६मध्ये ब्रिस्टलच्या मोटार शर्यतीच्या मैदानावर टेनेसी-व्हर्जिनिया टेकसाठी १,५६,९९० माणसं आली. पण आर्कन्सॉ आणि टेक्सस ए अँड एम यांची आर्लिंग्टनमधली भेट पाहा. स्टेडियम डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाचं. मालक जेरी जोन्स स्वतः आर्कन्सॉचे जुने खेळाडू. २००९ साली थाटात सुरू झालेला हा प्रयोग २०२४च्या सामन्यानंतर आवरला आणि लढत आपापल्या आवारात परतली. गारेगार छप्पर होतं, मोठा पडदा होता, पार्किंग होतं. नव्हतं ते तिथे जमण्याचं कारण. शिवाय २०२४पासून बारा संघांच्या प्लेऑफची पहिली फेरी वरच्या क्रमांकाच्या संघांच्या आवारातच होऊ लागली आणि थंडीत कुडकुडणारे विद्यार्थी पाहिल्यावर बंद छपराचं आकर्षण आणखी कमी झालं.

म्हणून मला जॅक्सनव्हिलची काळजी वाटते. तिथे १९३३पासून जवळजवळ दर वर्षी फ्लोरिडा आणि जॉर्जिया भेटत आलेत. अंतर मुळीच सारखं नाही: फ्लोरिडाच्या गेन्सव्हिलहून दीड तास, जॉर्जियाच्या अथेन्सहून पाचहून जास्त. तरी जॉर्जियावाले कुरकुर न करता येतात, कारण वाटेत त्यांचाच समुद्रकिनारा आहे. आदल्या दिवशी सेंट सायमन्स बेटावर विद्यार्थ्यांची जत्रा लोटते. सामना हे त्या सहलीचं दुसरं टोक. तक्रार आहे ती जॉर्जियाचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांची, आणि ती त्यांनी उघडपणे मांडली आहे. घरच्या सामन्याला शाळेतल्या होतकरू खेळाडूंना बोलावता येतं, भेटता येतं, आवार दाखवता येतं. तटस्थ मैदानावर नियमांमुळे ते जमत नाही. म्हणजे वर्षातल्या सर्वांत रंगलेल्या शनिवारी भरतीचं दुकान बंद. ही तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. माजी विद्यार्थ्यांची मजा आणि पुढच्या वर्षीचा संघ यांतलं काय निवडायचं, हे ठरवण्याचा पगार प्रशिक्षकाला मिळतो, मला नाही.

जॅक्सनव्हिलच्या स्टेडियमचं नूतनीकरण चालू आहे, म्हणून २०२६चा सामना अटलांटाला आणि २०२७चा टॅम्पाला ठरला. दोन्ही शहरं कागदावर तटस्थ. पण अटलांटा अथेन्सपासून जेमतेम दीड तासावर आणि टॅम्पा गेन्सव्हिलपासून दोन तासांवर. म्हणजे एकदा तुझ्या अंगणात, एकदा माझ्या: तटस्थ म्हणत म्हणत घरच्या-बाहेरच्याच सामन्यांची तालीम. असंच १९९४ आणि १९९५ सालीही झालं होतं. जुनं स्टेडियम पाडून नवं बांधेपर्यंत सामने सरळ गेन्सव्हिल आणि अथेन्सला खेळवले गेले, आणि १९९६मध्ये दोघे मुकाट्यानं परत आले. तेव्हा भरतीचा बाजार एवढा तेजीत नव्हता. २०२८ला परतायचं ठरलं आहे, आणि नऊ सामन्यांचं गणित जॅक्सनव्हिलच्या बाजूनं आहे: तिसऱ्या गावी खेळले तरच या दोघांना चार-चार-एकची मांडणी मिळते. पण त्या मांडणीचं समाधान आम्हा तक्तेवाल्यांना. स्मार्टना मिळत नसतं. माझ्या तक्त्यात २०२८चा तो चौकोन मी शाईनं भरला आहे. माझा सहकारी तो अजून पेन्सिलनंच ठेवा म्हणतो.