चौदा मिनिटं

आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हापासून सूर्यास्त बघायचं काम माझ्याकडे आलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वयाच्या सोळाव्या वर्षापासून त्यांचा रात्रीच्या जेवणाचा त्याग आहे. दिवस मावळायच्या दोन घडी आधी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आधी, पानावरून उठायचं हा त्यांचा नेम. माहेरी कोल्हापूरकडे सपाट रान, सूर्य शेवटपर्यंत दिसायचा. इथं जोयडा तालुक्यात तसं नाही. चारी बाजूंनी डोंगर आणि जंगल, सूर्य बुडायच्या कितीतरी आधी झाडांमागं जातो. आणि एकदा मृग लागला की दोन-तीन महिने सूर्य ही ऐकीव गोष्ट होते. तरी त्या अंदाज बांधायच्या. शेजारच्या गाई परतल्या, अंगणातला उजेड निळसर झाला, की म्हणायच्या, “आटपा गं.”

डोळे अधू झाले तसं त्या मला विचारू लागल्या, “किती वेळ राहिला?” मी मोबाइल बघून सांगायची. मुलाचा जुना मोबाइल माझ्याकडे आला होता, त्यात हवामान दाखवायची सोय होती. पाऊस, वारा, सूर्योदय, सूर्यास्त सगळं. मला वाटलं, बरं झालं, आता अंदाजाची गरज नाही. आणि नेमकी वेळ हातात आली म्हटल्यावर माझा हात ढिला पडला. कधी पाहुणे, कधी वीज गेलेली, कधी चूल ओली. दोन घडींची एक घडी झाली, मग अर्धी. “सावकाश जेवा आत्याबाई, अजून दहा मिनिटं आहेत,” असं मी किती वेळा म्हटलं असेल, त्याचा हिशेब नाही.

जूनमधल्या एका संध्याकाळी बेळगावहून नणंदेचा फोन आला. एरवी घरात रेंज नसते, त्या दिवशी खिडकीपाशी लागला. “आईचं जेवण आटपलं ना?” मी म्हटलं, “बसल्यात. आहेत की अजून दहा मिनिटं.” ती म्हणाली, “दहा मिनिटं कुठली वैनी? मावळून गेला की! पेपरात सात-पाच दिलंय.” मी मोबाइल बघितला. सात-एकोणीस. आणि मग पहिल्यांदा वर कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली: मुंबई.

मुलानं बॅटरी वाचावी म्हणून जागा ओळखायची सोय बंद करून ठेवली होती. तो राहायचा मुंबईत, तेच गाव त्यात राहिलं. म्हणजे वर्षभर मी जोयड्यातल्या म्हातारीला मुंबईच्या सूर्यावर जेवायला वाढत होते.

आत्याबाईंचा हात ताटातच होता. त्यांनी फोन ऐकला होता. हात धुतला, पाणीही न पिता उठल्या. मला काही बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणं रागावण्यापेक्षा जड होतं. माझ्या चुकीनं माझा उपास मोडला असता तर मी निभावून नेलं असतं. पण साठ वर्षं जपलेला दुसऱ्याचा नेम माझ्या भरवशावर होता.

त्या रात्री झोप लागली नाही. बी.एस्सी.ला माझं गणित होतं. लग्नानंतर ते ट्रंकेच्या तळाशी गेलं. पण एवढं आठवत होतं की भारताचं घड्याळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे, आणि एका अंशाला चार मिनिटं लागतात. जोयडा साधारण ७४.५ अंशांवर, मुंबई ७२.९ वर. म्हणजे आपल्याकडे सूर्य मुंबईपेक्षा सहा-साडेसहा मिनिटं आधीच मावळणार. मग बाकीची सात-आठ मिनिटं कुठून आली? ती अक्षांशाची. मुंबई १९ अंशांवर, आपण १५ वर. उन्हाळ्यात उत्तरेकडचा दिवस मोठा असतो, म्हणून जूनमध्ये दोन्ही फरक एकाच बाजूला पडतात आणि चौदा मिनिटं होतात. डिसेंबरात उलट. तिकडचा दिवस लहान, त्यामुळे फरक जवळजवळ मिटतो, उलट आपला सूर्यच मिनिटभर उशिरा बुडतो. म्हणजे मनातल्या मनात ठराविक मिनिटं वजा करून भागणार नव्हतं. रोजचा हिशेब वेगळा.

घरात एक जुना लॅपटॉप पडून होता. चालू केला की चहा होऊन जायचा तरी उघडायचा नाही. भाचा सुट्टीला आला होता, त्यानं दांडेलीला जाऊन एका पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट आणलं आणि त्यात घातलं. तोच लॅपटॉप, पण निम्म्या वेळात जागा होऊ लागला. त्यात लिबरऑफिस आयतंच होतं. हिशेबाची पानं करायची त्यातली सोय म्हणजे कॅल्क. पैसे पडले नाहीत, नेट लागलं नाही.

मैत्रिणींनो, हे फुकट कसं, असं मीही विचारलं होतं. १९९१ मध्ये लायनस टॉरव्हाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहिला आणि कसा लिहिला तेही सगळ्यांना देऊन टाकलं. पुढं जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. आपण शेजारणीकडून विरजण आणतो तसं आहे हे. वाटीभर दिलं म्हणून तिचं दही कमी होत नाही, आणि उद्या तिचं नासलं तर ती आपल्याकडून नेते. शिवाय इथं दह्याबरोबर ते लावायची रीतही सांगतात. माझ्या मोबाइलनं मला नुसती वेळ सांगितली होती, ती कुठून काढली ते माझ्यापुढं मांडलं नव्हतं. आणि मीही विचारलं नव्हतं.

कॅल्कमध्ये पहिल्या रकान्यात वर्षातला कितवा दिवस, दुसऱ्यात त्या दिवशी सूर्य विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला, तिसऱ्यात आपल्या अक्षांशावर निम्मा दिवस किती, चौथ्यात रेखांशाची दुरुस्ती. सूत्रं भाच्याच्या भूगोलाच्या पुस्तकाशेजारी माझी जुनी वही ठेवून जुळवली. पहिलं उत्तर आलं पहाटे साडेतीन! भाचा पोट धरून हसला. दोन दिवसांनी चूक सापडली: कॅल्कला कोन अंशांत चालत नाही, रेडियनमध्ये द्यावा लागतो. ते बदललं तरी पेपरच्या वेळेत नि माझ्या वेळेत काही मिनिटांचा फरक राही. हवेत प्रकाश वाकतो, त्यामुळे सूर्य खरं तर क्षितिजाखाली गेला तरी थोडा वेळ दिसत राहतो. आणि पृथ्वीची चाल वर्षभर सारखी नसते, म्हणून घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा मागंपुढं होतात. त्याचे दोन रकाने वाढवले.

मग पडताळा. नणंदेला सांगून महिनाभर बेळगावच्या पेपरातली वेळ उतरवून घेतली. बेळगाव आणि जोयडा जवळपास एकाच रेखांशावर, फरक पडला तर मिनिटभराचा. माझी वेळ त्याच्याशी जुळली. नंतर स्टेलारियम नावाचं आकाश दाखवणारं असंच मोकळं सॉफ्टवेअर मिळालं, त्यात आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घालून बघितलं. तिथंही जुळली. आता आपलं आपल्याला कळत होतं की हे बरोबर का आहे.

वर्षाचा तक्ता छापून आत्याबाईंपुढं बसले. म्हटलं, “तुमच्या व्रतात माझ्यामुळं दोष लागला. वर्षभर.” त्या जपमाळ ओढत होत्या. थांबल्या. म्हणाल्या, “त्या डबड्याचं काय चुकलं गं? त्याला मुंबई सांगितली हुती, त्यानं मुंबई सांगितली. पर दोन घडी कशाला ठिवल्यात? मानसाचं चुकतंय म्हनूनच की.”

माझ्या पोटात कालवलं. मुंबईची चौदा मिनिटं अठ्ठेचाळिसांत सहज मावली असती. चूक मोबाइलनं केली ती चौदा मिनिटांची. मी, नेमकी वेळ कळते म्हणून, मधली सगळी जागाच खाऊन टाकली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास केला. मीही केला. त्यावर आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही.

तो तक्ता स्वयंपाकघरात लावला आहे. त्यात मी दोन रकाने ठेवले: सूर्यास्त, आणि त्याच्या दोन घडी आधीची वेळ. पहिला बारीक अक्षरांत, दुसरा ठळक. रामनगरच्या एका बाईंनी बघितला नि मागितला. मी कागद दिला नाही, पानच दिलं, सूत्रांसकट. त्यांची बहीण धारवाडला असते. म्हटलं, अक्षांश-रेखांशाच्या दोन घरांत धारवाडचे आकडे घाला, बाकी सगळं आपोआप बदलेल. आणि आठवडाभर तिथल्या पेपराशी ताडून बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. चातुर्मासात अशी अकरा गावांची पानं झाली.

आत्याबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. आता त्यांना अंगणातला उजेड दिसतो. तरी संध्याकाळी विचारतात, “किती वेळ राहिला गं?” मी तक्त्यातला ठळक रकाना वाचून सांगते. त्या दारातून बाहेर बघतात, गाई आल्या का ते पाहतात, आणि मग पानावर बसतात.