सोनेरी पट्टीची साक्ष

साक्षीदार कितीही सज्जन असला, तरी त्याच्या सांगण्यात थोडीबहुत तफावत राहावयाचीच, हे वकिलीने आम्हांस शिकविले आहे. परंतु आपली तफावत आपणच आधी सांगून टाकणारा साक्षीदार आम्हांस न्यायालयात नव्हे, तर रेझिस्टरच्या रूपाने घरी भेटला. पिवळी, जांभळी व तांबडी पट्टी म्हणते, 'मी ४७०० ओहमचा'; शेजारची सोनेरी पट्टी लगेच पुस्ती जोडते, 'शेकडा ५ कमी-अधिक.' म्हणजे ४४६५ ते ४९३५. आमच्या पुतण्याच्या हौशी ध्वनिवर्धकास एवढी सवलत सहज चालते.

कपॅसिटरची गोष्ट निराळी. "काका, ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्टांचा, मग १६ व्होल्टांचा कपॅसिटर पुरे," असे तो म्हणाला. परंतु उलटसुलट वाहणाऱ्या विजेचा १२ हा सरासरीवजा आकडा. तिचे शिखर सुमारे १७ व्होल्टांचे. डायोडांत दीड-एक व्होल्ट खर्ची पडला, तरी भार नसताना ट्रान्सफॉर्मरचा दाब चढतोच. म्हणून आम्ही २५ व्होल्टांचा घेतला. मर्यादा ओलांडली, किंवा धन-ऋण टोके उलटी जोडली, तर इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर तापून फुटू शकतो. आणि त्यावर वाकलेला चेहरा आपल्याच पोराचा असतो.

रेझिस्टरची पट्टी सवलत सांगते. कपॅसिटरवरील व्होल्ट ही दाव्याच्या मुदतीसारखी मर्यादा आहे. हा भेद मुलास उमगला, म्हणजे डाख देण्याचे काम त्याजवर खुशाल सोपवावे.