तोंड पाहून घास

मासा हातात आला की बहुतेक जण आधी त्याचं वजन अजमावतात. मी तोंड बघतो. कटल्याचा खालचा जबडा पुढे आलेला आणि तोंड आभाळाकडे वळलेलं. हा वरच्या थरात चरणारा, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव गिळत फिरणारा. रोहूचं तोंड किंचित खाली झुकलेलं, ओठांच्या कडेला बारीक झालर. हा मधल्या पाण्यातला, बुडालेल्या काड्या-दगडांवरचं शेवाळ खरवडणारा. मृगळाचं तोंड अगदी खालच्या अंगाला. हा तळाच्या गाळात काय कुजलंय ते चाळणारा. तिघं एका कुळातले, एका पाण्यात वाढलेले, पण एकाच्या घासावर दुसऱ्याची फारशी नजर नाही. तळ्यात तिघांचं बीज एकत्र सोडतात ते यामुळेच. गळाला काय लावू, असं कुणी विचारलं की मी म्हणतो, कुणाला बोलावताय ते आधी सांगा.

माझं पाणी उजनीचं. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पुरं झालं आणि त्याचा फुगवटा पार भिगवणपर्यंत पसरला. धरण भरलं की बाभळी कमरेपर्यंत पाण्यात उभ्या राहतात. पाऊस ओढ देतो त्या वर्षी साठा उण्यात जातो, काठ कितीतरी लांब सरकतो, गाळाला भेगा पडतात आणि पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं. गेल्या हंगामातली जागा या हंगामात कामाची उरत नाही. दर वेळी पाणी नव्यानं बघावं लागतं, आणि या बघण्यातच मला गळाचं खरं सुख वाटतं.

कटल्यासाठी शेंगदाण्याची पेंड, कणीक आणि भाताचा कोंडा मळायचा, वासाला हिंग किंवा भाजलेली मेथी. गोळा मूठभर, आणि सैल दाबलेला, म्हणजे पाण्यात तो हळूहळू विरघळत राहतो. त्याच्याभोवती बारीक गळ लोंबते ठेवायचे. कटला घास तोडत नाही, त्याच्या जबड्यात दातच नाहीत. रोहू, मृगळ, सायप्रिनस यांचीही तीच गत. यांचे दात घशात असतात. पाण्यासकट घास ओढून घ्यायचा, पारखायचा, नको तर थुंकायचा. विरघळत्या पेंडीचा ढग कटला आत ओढतो आणि त्याबरोबर गळही जातो. वर तरंडा नुसता थरथरतो. त्या थरथरीवर हात थांबवून धरणं हे मला या साऱ्या विद्येतलं सर्वांत अवघड अंग वाटतं.

रोहूला कणकेची मऊ गोळी पुरते, पण ती त्याच्या थरात लोंबली पाहिजे. मृगळाला शिसं लावून तळाशी. सायप्रिनस तळ उकरतो, तेव्हा बुडबुड्यांची रांग वर येते. ती रांग सरकते त्या बाजूला थोडं पुढे गांडूळ सोडावं. शिंगट्याचा कारभार मिशांवर आणि वासावर चालतो. त्याला गांडूळ चालतं, कोंबडीचं आतडं चालतं, फक्त सोडवताना त्याचा काटा सांभाळावा, लागला की हात ठणकत राहतो. वाम दिवसा दगडांच्या कपारीत आणि गाळात पडून असते, तिची वेळ अंधार पडल्यावरची. चिलापीचं तोंड लहान, तिला गांडुळाचा तुकडा आणि बारीक गळ. ही मूळची आफ्रिकेतली, भारतात 1952 मध्ये आणलेली; मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. रोहू-कटल्याला अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं, चिलापीचं तसं काही अडत नाही. आज भिगवणच्या बाजारात तिचे ढीग लागतात, त्यामागे हे तोंडातलं बाळंतपण आहे. तळ्यांतून रोहू-कटला वाढवणं सोपं झालं तेही 1957 मध्ये ओडिशात हिरालाल चौधुरींनी माशांना पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन हव्या त्या जागी अंडी घालायला लावली तेव्हापासून. त्याआधी बीज नदीतून गोळा करावं लागे.

कोणत्या माशाला कोणता घास, हा विचार आपल्या मुलखात फार जुना आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात मानसोल्लास हा संस्कृत ग्रंथ रचला, त्यात मासे धरण्याच्या करमणुकीवर एक अख्खं प्रकरण आहे: काठी, दोर, गळ, आधी काही दिवस चारा टाकून माशांना जागेची सवय लावणं, माशागणिक वेगळं आमिष. सोलापूर-मंगळवेढ्याची ही भूमी त्याच्याच राज्यातली. एक राजा राज्यकारभार, वैद्यक आणि संगीत यांच्या पंगतीला माशाच्या घासाला बसवतो, याचा मला मनापासून आनंद होतो.

पण बरोबर आमिष लावूनही तरंडा हलत नाही असे दिवस येतात, आणि तेव्हा दोष गोळ्यात नसतो. पहाट ही गळाची वेळ, असं सगळे म्हणतात. उन्हाळ्यात हिरव्या झालेल्या पाण्यावर मात्र हे खरं ठरत नाही. दिवसभर शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं आणि रात्रभर तेच शेवाळ तो वापरतं, म्हणून उजाडताना पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्या वेळी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसतात. नवख्याला वाटतं, मासे खायला आले. ते श्वासासाठी आलेले असतात, आणि श्वास कोंडलेल्याला घास सुचत नाही. अशा दिवशी ऊन चढेपर्यंत काठी बाजूला ठेवावी. ढगाळ, कुंद, वारा पडलेल्या रात्रीनंतर तर नक्कीच.

वारा सुटला की काम सोपं. पश्चिमेचा वारा दिवसभर वाहिला की वरच्या थरातले सूक्ष्म जीव पूर्वेच्या काठाला गोळा होतात आणि कटला त्यांच्या मागे जातो. तोंडावर वारा आणि लाटा घेऊन बसणं त्रासाचं असतं, पण मासा तिथंच असतो. पहिल्या पुराचं लाल पाणी आलं की डोळ्यांनी शिकार करणारे गप्प होतात. मिशांवर आणि वासावर जगणाऱ्यांचे ते दिवस, तेव्हा गांडुळासारखं आमिष नाही. थंडीत सगळेच मंदावतात, भूक उतरते. पौषात दुपारचं ऊन काठाजवळचं उथळ पाणी तापवतं तेवढीच काय ती संधी, आणि गोळीही नेहमीपेक्षा लहान हवी.

मरळ मी शेवटी ठेवली, कारण तिच्यापाशी हा सगळा हिशेब बदलतो. ती शिकारी. गवताच्या कडेला दबा धरून बसते, बेडूक किंवा लहान मासा हलताना दिसला की झडप घालते. ती वरची हवाही घेते, म्हणून प्राणवायू सरलेल्या पाण्यातही टिकते. पावसाळ्यात तिची पिल्लं तांबूस-केशरी ठिपक्यांच्या थव्यानं हवा घ्यायला वर येतात आणि आईबाप खाली राखण करतात. त्या थव्याशेजारी काहीही पडलं तरी मोठी मरळ त्यावर तुटून पडते. गळ टाकणाऱ्याला याहून सोपा मासा नाही, आणि मी पाहिलेल्या पुष्कळांनी तो असाच धरला आहे. पण ती भुकेनं आलेली नसते. राखणदार गेला की बाकीचे मासे तो थवा थोड्याच वेळात संपवतात.

माशाची भूक ओळखून त्याच्यापुढे घास ठेवणं ही विद्या आहे. त्याच्या पिल्लांच्या मायेवर गळ टाकणं मला विद्या वाटत नाही, चोरी वाटते.

म्हणून आषाढ-श्रावणात काठाच्या गवताशी असा तांबूस थवा दिसला तर काठी आवरा आणि वीस पावलं पुढे जा. निघताना तुटलेली नायलॉनची दोरी गुंडाळून खिशात घाला. भिगवणचे पाणपक्षी याच काठानं चरत चालतात, आणि ती दोरी पायात गुंतली तर त्यांना सोडवता येत नाही.